इनामगावात सापडली म्हणून लाखोळी रोज खायची?

मोठी आत्या भंडारा जिल्ह्यात राहते. परवा फोनवर सहज म्हणाली, "तुरीची डाळ बंद केली आता. दोन्ही वेळ लाखोळीच. पोळीपण सोडली." लाखोळी म्हणजे लाखेची डाळ. हे का, तर तिला एक मेसेज आला होता. तोच मेसेज माझ्या तीन ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. सोडायला नको होता.

मेसेज म्हणतो: गहू इंग्रजांनी भारतात आणला. आपले पूर्वज पाच हजार वर्षं ज्वारी-बाजरीच खात होते, म्हणून त्यांचे दात किडत नसत आणि ते शंभर वर्षं जगत. लाखोळीची डाळ पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात सापडली आहे, म्हणजे ती निर्धोक आहे, रोज वाटीभर खा. आणि शेवटी, जुन्या गव्हाचे पुरावे दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, कारण तीन हजार वर्षं धान्य टिकूच शकत नाही.

लाखोळीचे दाणे तीन हजार वर्षं टिकले, पण गव्हाचे टिकणं अशक्य, असं एकाच मेसेजात लिहिलंय. तरीही तो पुढे पाठवला जातो.

धान्य टिकतं. साठवणीतलं नाही, जळलेलं. चुलीत सांडलेला किंवा घराला आग लागून राखेखाली दबलेला दाणा पुरेशी हवा न मिळाल्याने पूर्ण जळत नाही, त्याचा कोळसा होतो. कोळशाला कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. आकार मात्र बराचसा तसाच राहतो. उत्खननातली माती पाण्यात ढवळली की असे दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजच्या दाण्यांशी ताडून बघायचे. जवाची खाच, गव्हाची पाठ, डाळीच्या दाण्याचा डोळा यांवरून जात ओळखता येते. कणसाचा दांडा कुठे कसा तुटलाय त्यावरून पीक रानटी होतं की पेरलेलं, तेही कळतं. आता तर कार्बन कालमापनाने एकाच दाण्याचं वयही काढता येतं. चुका होतात. भारतातल्या काही जुन्या स्थळांवर नाचणी म्हणून नोंदलेले अवशेष नाचणीचे नव्हतेच, असं पुढच्या फेरतपासणीत दिसलं. पण ते दाखवलं याच अभ्यासकांनी, तेच दाणे पुन्हा काचेखाली ठेवून.

आता इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात खोदकाम केलं आणि ढवळीकर, सांकलिया व अन्सारी या पुरातत्त्वज्ञांचा अहवाल 1988 मध्ये आला. वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास काजळे यांचा. वस्ती इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली. तिथलं मुख्य धान्य जव. सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, आणि हो, लाखोळीसुद्धा. म्हणजे मेसेज ज्या गावाचा दाखला देतो, त्याच गावात इंग्रज यायच्या अडीच-तीन हजार वर्षं आधीचा गहू आहे. नर्मदाकाठच्या नवदाटोलीतही गहू सापडला. तेही बाजूला ठेवा. ज्या घरांत रुद्रानंतर चमक म्हणतात, त्यांनी यजुर्वेदातल्या या चमकाचा चौथा अनुवाक, म्हणजे भाग, आठवावा: व्रीहि, यव, माष, तिल, मुद्ग, खल्व, गोधूम, मसूर. गोधूम म्हणजे गहू. त्या यादीत ज्वारी नाही.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये मडक्याच्या मातीत मिसळलेल्या तुसांचे ठसे भाजलेल्या खापरांत राहिले, त्यावरून तिची लागवड तिथे पाच हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली दिसते. बाजरीचे असेच ठसे मालीमध्ये मिळाले, साधारण इ.स.पू. 2500 चे. दोन्ही पिकं आपल्याकडे नंतर आली. म्हणून त्यांचा मान काही कमी होत नाही, आपल्या कोरडवाहू मुलखाला शेकडो वर्षं भाकरीनेच जगवलं. रोजची पोळी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत हरितक्रांतीनंतरच आली, एवढं त्या मेसेजच्या बाजूने खरं आहे आणि ते मी मान्य करतो. पण रोजची पोळी नवी असणं वेगळं आणि गहू परका असणं वेगळं.

दात आणि शंभर वर्षं? इनामगावच्या सांगाड्यांच्या दातांना कीड लागलेली आहे. तिथे दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची, घरातल्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली. यावर आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

माझा खरा संताप लाखोळीवरून आहे. चुलीच्या राखेत एखादा दाणा सापडला तर तो त्या वस्तीत होता, एवढंच कळतं. किती खाल्ला, रोज खाल्ला की उपासमारीत, हे त्या दाण्यावरून कळत नाही. माणसाने खाल्ला की जनावराने, हेही नाही. गोवऱ्या जाळल्या की गुरांच्या पोटातून आलेलं बीसुद्धा राखेत उतरतं, आणि लाखोळी तर वैरणीचंही पीक. शिवाय पालेभाज्या आणि कंद यांचा मागमूस फारसा राहत नाही, त्यामुळे सापडलेल्या दाण्यांवरून कुणाचं पूर्ण ताट मांडता येत नाही.

लाखोळीत मज्जासंस्थेला घातक असं एक द्रव्य असतं. इतर धान्यं-डाळींसोबत कधीतरी केलेले वडे किंवा वरण यांनी सहसा काही होत नाही, विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या खातात. पण महिनोन्‌महिने जेवणाचा मोठा भाग तीच झाली की पाय आखडतात, गुडघे एकमेकांना घासत काठीवर चालावं लागतं, आणि ते सहसा बरं होत नाही. मध्य प्रदेशात रीवा भागात शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची, तिथे हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. 1961 मध्ये केंद्राच्या कायद्याने तिच्या विक्रीवर बंदी आली ती यामुळेच. आता कमी विषारी वाण निघालेत. डाळ भिजवून, उकळून पाणी फेकलं तर द्रव्य कमी होतं. कमी होतं, संपत नाही. आणि बाजारातून आणलेली डाळ कोणत्या वाणाची, हे आत्याला कोण सांगणार?

हे पीक दुष्काळात तगतं. बाकी सगळं वाळून गेल्यावर तेच शिल्लक राहतं, म्हणून माणसं ते पोटभर खात आली आणि लंगडी होत गेली. मेसेजवाल्यांनी त्याच डाळीला पूर्वजांच्या आरोग्याचं गुपित ठरवलं.

आत्याला मी आज पुन्हा फोन केला. म्हटलं, इनामगावचंच खायचं असेल तर कुळथाचं पिठलं कर, मसुराची आमटी कर, दोन्ही तिथे सापडलेत. तुरीचं वरण सुरू कर. लाखोळीचे वडे मी दिवाळीला आलो की कर, एक दिवस.

ती म्हणाली, "डबा भरून आणलीय ना रे." म्हटलं, राहू दे डब्यात.