झोपलेल्या पोर्टलाही चाहूल लागते

लिनक्स लॅपटॉपवाल्यांत एक सल्ला सतत फिरत असतो. पेन ड्राइव्ह ओळखला जात नाही, डॉक (एका केबलने अनेक जोडण्या देणारा डबा) दिसत नाही, माउस अडकतो. सगळ्याचं कारण म्हणे एकच. कर्नल (लिनक्सचा गाभा) वीज वाचवायला पोर्ट बंद करतो आणि बंद पोर्टला काही जोडलेलं कळत नाही. उपाय: बूटच्या ओळीत ‘यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१’ आणि ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ घाला, बॅटरीला फरक पडत नाही. नवख्यांना हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की उत्तर देणं भाग आहे.

पहिलं म्हणजे, झोपलेला पोर्ट बंद नसतो. यूएसबी हब, म्हणजे पोर्ट सांभाळणारा भाग, सस्पेंड झाला (झोपला) तरी पोर्टवरचे ५ व्होल्ट सुरूच राहतात. काही खोचलं की हबला ते कळतं आणि तो वर जागं होण्याचा इशारा देतो. पोर्टची वीज खरोखर तोडायची सोय कर्नलमध्ये आहे, पण ‘पीएम_क्यूओएस_नो_पॉवर_ऑफ’ मुळातच १ असतो, म्हणजे ‘तोडू नको’.

पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे थंडरबोल्ट डॉकसारखी उपकरणं ज्या मार्गाने जोडली जातात त्याच्या, बाबतीत मात्र तक्रारीत तथ्य आहे. २०१६ मध्ये ४.८ कर्नलने हे पोर्ट चालू मशीनवर झोपवायला सुरुवात केली, तेव्हा हॉटप्लग पोर्ट (चालू मशीनला उपकरण जोडता येणारे) मुद्दाम वगळले होते. अडचण खरीच होती: वरचा पोर्ट डी३हॉट या झोपेत असेल तर खालच्याचा इंटरप्ट (लक्ष देण्याचा इशारा) प्रोसेसरपर्यंत पोहोचतच नाही. २०१८ च्या ४.१९ मध्ये हॉटप्लगचा ड्रायव्हर, पीसीआयईएचपी, यासाठी तयार झाला. आता झोपलेला पोर्ट पीएमई हा ‘जागं करा’ असा निरोप पाठवतो, कर्नल आधी वरचा पोर्ट जागा करतो आणि मग स्लॉटची स्थिती वाचतो. फर्मवेअरने (मशीनमधल्या बायोससारख्या मूळ प्रणालीने) हा निरोप गिळला, तर डॉक जोडूनही दिसत नाही. अशा मशीनवर एक गंमतशीर वाटणारी खूण सापडते: पीसीआय उपकरणांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ आज्ञा चालवताच डॉक उगवतो. कारण ती आज्ञा कॉन्फिगरेशन वाचते आणि त्यासाठी कर्नलला डी३कोल्डमधला (वीज तोडलेल्या गाढ झोपेतला) पोर्ट उठवावा लागतो.

पण या दुखण्यावर ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हे औषधच नाही. एएसपीएमचा संबंध लिंकच्या (दोन टोकांमधल्या जोडणीच्या) झोपेशी, पोर्टच्या नाही. शिवाय त्या ‘ऑफ’चा अर्थ ‘फर्मवेअरने जे ठरवलंय त्याला हात लावू नको’ असा आहे. बायोसने एएसपीएम चालू ठेवलं असेल तर ते चालूच राहतं. पोर्टची झोप थांबवायला ‘पीसीआयई_पोर्ट_पीएम=ऑफ’ हा वेगळा पर्याय आहे.

माउसचं कोडं सोपं आहे. कर्नल स्वतःहून बहुतेक फक्त हबांनाच ऑटोसस्पेंड (वापर नसताना आपोआप झोप) लावतो. माउसला ते लावतात पॉवरटॉपसारखी वीजबचतीची साधनं, आणि कित्येक माउस क्लिकने जागे होतात, हलवल्याने नाही. त्या एका माउसच्या ‘पॉवर/कंट्रोल’ या कर्नलच्या फाइलीत ‘ऑन’ लिहिलं की झालं.

बॅटरीचं म्हणाल, तर एकच यूएसबी कंट्रोलर जागा राहिला तरी अनेक लॅपटॉपवर अख्खं प्रोसेसर पॅकेज गाढ झोपेत जाऊ शकत नाही. पॉवरटॉपच्या ‘आयडल स्टॅट्स’मध्ये हे स्वतः बघता येतं.

तेव्हा बूटची ओळ बदलण्याआधी त्या पोर्टचा ‘पॉवर/रनटाइम_स्टेटस’ ही फाइल वाचा आणि मग उपकरण जोडा. ‘सस्पेंडेड’च राहिला तर जागं करण्यात बिघाड आहे. ‘ॲक्टिव्ह’ झाला आणि तरी उपकरण चालत नसेल, तर केबल आणि ड्रायव्हर तपासायला घ्या.