काका, ३४ टक्के मुलं पेशंट आहेत असं नाही

नमस्कार काका, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की ३४ टक्के किशोरवयीन मुलांमधे डिप्रेशनची लक्षणं दिसतात हे मी लिहिलं ते फुगवलेलं आहे आणि "आमच्या वेळी असली थेरं नव्हती".

आधी तुमचं बरोबर काय ते सांगते. हा आकडा २०२२ मधे छापून आलेल्या अभ्यासातला आहे, जगभरातले २० वर्षांचे सर्व्हे एकत्र केलेले, पण तो मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवरचा. प्रत्यक्ष मेजर डिप्रेशन, म्हणजे आजार म्हणावा असं डिप्रेशन, त्याच अभ्यासात ८ टक्के आहे, हे मी लिहायलाच हवं होतं, चूक माझी. गोव्यात तर १२ ते १६ वयाच्या दोन हजारांवर मुलांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या तेव्हा सगळे मानसिक आजार धरूनही २ टक्क्यांच्या आतच आले.

एवढा फरक कसा पडतो? पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली घ्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, बेरीज १० झाली की लक्ष द्यायचं. प्रिलिमच्या तोंडावर दहावीच्या पोराला झोप नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही, अभ्यासात लक्ष नाही, चारही जवळजवळ रोज, की झाले १२.

पण म्हणून ते पोर ठीक आहे असं धरून चालायचं का, इथे मला तुमचं अजिबात पटत नाही. माझी भाची नववीत असताना कधी रडली नाही, नुसती चिडायची, डबा तसाच परत यायचा, भाजी पोळीला चिकटून वाळलेली, कबड्डीचे शूज माळ्यावर गेले, आणि आम्ही सगळे "वयच आहे" म्हणत तीन महिने घालवले. या वयात उदासीऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं, डॉक्टरांच्या निकषांतही ते आहे, आम्हाला कुठे माहीत होतं!

आणि तुमच्या वेळी नव्हतं कसं? शाळा सोडून घरात बसलेल्या पोराला "बाहेरचं लागलंय" म्हणून अंगारा लावायचेच की.

तुम्हीच शेवटी लिहिलंय, आठवीतला नातू हल्ली खोलीतून बाहेर येत नाही, मोबाइलचं वेड. काका, मोबाइलच्या वेडावरून रागावू नका त्याला, संध्याकाळी दूध आणायला सोबत न्या, झोपतो कसा, जेवतो किती ते बघा. दोन आठवडे असंच राहिलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात.