‘लहान मुलांचा एमआरआय नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. सारांश असा: लहान मुलांच्या मेंदूचा एमआरआय काढू नका, त्यातल्या रेडिएशननेच गाठी होतात, शंका असेल तर सीटी पुरे, भूल आणि डाय मेंदूत साचतात, आणि गाठ असलीच तर ती फोटोत कळतेच, बायोप्सी करून पसरवू नका. मुलांचे स्कॅन वाचणं हेच माझं काम, त्यामुळे गप्प बसवेना.

रेडिएशनचं तर साफ उलटं सांगितलंय. एमआरआय चालतो चुंबकावर आणि रेडिओलहरींवर. एक्स-रे असतात ते सीटीत. सीटीची जोखीम किती? ‘लॅन्सेट’मध्ये २०१२ साली आलेल्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा, की दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याच्या १०,००० सीटींमागे पुढच्या दहा वर्षांत मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण आणि रक्ताच्या कर्करोगाचा एक. म्हणून ऊठसूट सीटी नको. पण मेंदूत पाणी भरून मूल गुंगीत जात असेल, तर झटपट होणारा सीटीच कामाला येतो.

मात्र तो पुरत नाही. मुलांच्या बऱ्याच गाठी डोक्याच्या मागच्या-खालच्या भागात असतात आणि तिथल्या जाड हाडांमुळे सीटीवर आडवे पट्टे उमटतात. पॉन्समधली, म्हणजे मेंदूच्या देठाच्या मधल्या भागातली, गाठ त्यात निसटू शकते. एमआरआयवर तोच पॉन्स फुगलेला दिसतो, पुढून जाणाऱ्या बेसिलर धमनीला त्याने जणू मिठी मारलेली असते. एकदा पाहिलेलं हे चित्र विसरता येत नाही.

भुलीच्या भीतीत थोडं तथ्य आहे, साचण्याच्या गोष्टीत नाही, भूल उतरते. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०१६ मध्ये सावध केलं होतं. पण तान्हेपणी एकदाच, तासाभराच्या आत-बाहेर भूल मिळालेल्या मुलांची पाचव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा बुद्ध्यांकात फरक आढळला नाही (२०१९ची ‘गॅस’ चाचणी). आणि अगदी लहान बाळांना तर अनेकदा भूल लागतच नाही. पोटभर दूध, घट्ट दुपटं, कानांवर संरक्षण, की मशीनच्या ठकठकाटातही बाळ गाढ झोपतं. जागी असते ती आई.

चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात त्या डायमधल्या गॅडोलिनियम या धातूचा अंश मेंदूत राहतो, हे खरं. युरोपने २०१७ मध्ये काही लिनियर प्रकार (धातूला उघड्या साखळीत धरणारे) थांबवले ते त्याचमुळे. मॅक्रोसायक्लिक प्रकार (धातूला कड्यात घट्ट धरणारे) खूपच कमी राहतात, आणि त्या अंशाने मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही.

सगळ्यात घातक आहे तो बायोप्सीचा मुद्दा. एटीआरटी आणि ईटीएमआर या दोन्ही मेंदूच्या दुर्मीळ, तान्ह्या मुलांत आढळणाऱ्या गाठी. दोन्हींत पेशी दाटीवाटीने असतात, म्हणून डिफ्यूजनच्या, म्हणजे पाण्याच्या कणांची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयच्या, चित्रांत दोन्ही लख्ख चमकतात. ईटीएमआरभोवती सूज कमी असते वगैरे खुणा आम्ही बघतो, पण त्यांवर पैज लावत नाही. एटीआरटीच्या पेशींतून बहुधा आयएनआय-१ हे प्रथिन नाहीसं झालेलं असतं आणि ते कुठल्याच स्कॅनवर दिसत नाही. त्याला बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१चं वर्गीकरणही जनुकीय तपासण्यांवर भर देतं. पॉन्समधल्या त्या गाठीचं निदान मात्र वर्षानुवर्षं नुसत्या एमआरआयवर होत आलं. तेवढ्यापुरता मेसेज अर्धा बरोबर, पण आता तिथेही बायोप्सी केली जाते.

राहिला पसरण्याचा प्रश्न. यातल्या कित्येक गाठी बायोप्सीची वाट बघत नाहीत; मेंदूभोवतीच्या पाण्यातून त्या आपणहून पाठीच्या कण्यापर्यंत उतरतात. म्हणून शक्यतो ऑपरेशनच्या आधीच कण्याचाही एमआरआय करतात. नंतर केला, तर ऑपरेशनमध्ये खाली ओघळलेलं रक्त गाठीच्या कणांसारखं दिसू शकतं आणि आम्हीच फसतो. तेव्हा मेंदूबरोबर कणाही त्याच भुलीत उरकून घेऊ असं डॉक्टर म्हणाले, तर ते बिल वाढवतायत असं समजू नका.