माती न शिवता मातीची डिग्री!
पुरे झालं आता! भाची इथे इंदुरात बीएस्सी अ‍ॅग्रीला, मातीचे 12 ऑर्डर, म्हणजे मुख्य वर्ग, घडाघडा म्हणते, पण परवा शेतावर ओली माती हातात दिली तर अंगठ्याने दाबून तिची पट्टी काढून चिकणमाती किती ते बघायचं हे तिला कुणी दाखवलेलंच नाही! प्रॅक्टिकल म्हणजे काय तर सीनियरची फाईल उतरवा, पीएचचा आकडासुद्धा त्यातलाच. अहो कॉलेजवाल्यांनो, दाराबाहेर माळव्याची काळी माती आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून बुजतात, एक खड्डा खणून पोरांना मातीचे थर बघायला आत उतरवायला काय जातं तुमचं? अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने 1924 ते 1931 या काळात याच गावात कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, जगभर गेली ती, आणि इथली पोरं ती 5 मार्कांसाठी पाठ करणार? एकदा तरी ढीग उलथून आतली वाफ बघू द्या ना त्यांना!