तालमीतला दम आणि ऑक्सिमीटरवरचे ९८

नमस्कार दादा,

‘दीर्घ श्वास घेतल्याने निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही’ हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. तालमीत वस्ताद लोक पिढ्यान्‌पिढ्या दम कमवायला शिकवतात ते काय उगाच, असं तुम्ही विचारलंत. शिवाय आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९८ दाखवतो, तरी जिना चढताना तिला धाप लागते, मग तुमचं शास्त्र काय कामाचं, असंही.

वस्ताद बरोबरच आहेत. फक्त दम वाढतो तो फुप्फुसाच्या पुढे. वायुकोश (फुप्फुसातली हवेची इवलीशी पिशवी) आणि केशवाहिनी (केसाहून बारीक रक्तवाहिनी) यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तांबडी पेशी तिथून साधारण पाऊण सेकंदात जाते आणि पहिल्या पाव सेकंदातच तिचं हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, जवळजवळ भरून जातं. भरलेल्यात आणखी किती भरणार? जोर-बैठकांनी हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात. मोतीबाग तालमीत लढत रंगली की पैलवानाची मांडी तापते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं, आणि त्यानेच हिमोग्लोबिनची पकड सैल होते. जिथं काम चाललंय, नेमका तिथंच ऑक्सिजन जास्त सुटतो. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम डॅनिश शास्त्रज्ञ ख्रिस्तियन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ साली मांडला. मला तर शरीरातली ही सगळ्यात देखणी सोय वाटते.

आता आईंचं, कारण खरी काळजी मला त्यांची वाटते. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवतो आणि आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलंय एवढंच सांगतो. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला कळत नाही. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या काठोकाठ भरलेल्या, पण ट्रॉल्याच निम्म्या, तसं हे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहून नेतं. १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असेल तर साधारण १८ मिली ऑक्सिजन. ७ असेल तर जेमतेम ९. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन ०.३ मिलीच्या आसपास, त्यावर काही भागत नाही. आणि दोन्ही वेळा यंत्र ९८च दाखवणार! हिमोग्लोबिन कमी असलं तरी बसल्या जागी ते जाणवत नाही. जिन्यावर पायांची मागणी वाढली की हृदय धावायला लागतं आणि धाप लागते.

म्हणून ९८वर विसंबून राहू नका. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण याच आठवड्यात न्या. सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या, हृदयही तपासायला सांगा, कारण अशी धाप हृदयामुळेही लागते. आणि रिपोर्ट यायच्या आधी आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. कमतरता बी-१२ची निघाली तर लोहाने काही भागणार नाही.