उन्हाळ्यात पर्वताला उपकृत कसे करावे

पर्वतातल्या एखाद्या मोठ्या वनउद्यानाला उन्हाळ्यात भेट देण्याचे आपण ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, आणि आपल्याहून अधिक त्या पर्वताचे. बिचारा वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली एकटा पडून असतो; त्याला पाहायला कोणी येणारच नसेल, तर त्याच्या उंचीला अर्थ तो काय? आपण येणार म्हणूनच बर्फ वितळतो, कुरणे फुलतात, अस्वले जागी होतात आणि उद्यानाचे कर्मचारी पायवाटांवर आडवी पडलेली झाडे करवतीने कापून बाजूला सारतात. हा सारा खटाटोप आपल्या स्वागतासाठी चालला आहे, ही भावना एकदा मनात पक्की बसली की पुढचे वागणे आपोआप सुचत जाते. खालील सल्ला केवळ अशांसाठी आहे, ज्यांच्या मनात या बाबतीत अजून थोडी शंका शिल्लक असेल.

प्रवेशद्वारापाशी एक फलक असतो. त्यावर हवामानाचा अंदाज, बंद ठेवलेल्या वाटा, अलीकडे अस्वल दिसल्याच्या जागा असे बरेच काही लिहिलेले असते. फलक चांगला रुंद असेल तर त्याच्या सावलीत गाडी उभी करता येते, यापलीकडे त्याची दखल घेण्याचे कारण नाही. आत बसलेल्या वनरक्षकाला मात्र जरूर भेटावे आणि शौचालय कुठे आहे एवढे विचारून घ्यावे. तो आपण होऊन सांगू लागला की ही वाट परत येईपर्यंत आठ तासांची आहे, तर त्याच्या वयाकडे आणि पोटाकडे एक नजर टाकून आठाचे चार करावेत. तो ती वाट आठवड्यातून दोनदा चालतो, हा तपशील येथे गौण आहे.

कपड्यांचा फार विचार करू नये. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि घामाने किंवा पावसाने भिजलेला सुती सदरा अंगाची ऊब शोषून घेऊन ऐन उन्हाळ्यात माणसाला हायपोथर्मियापर्यंत (शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरण्यापर्यंत) नेऊ शकतो, असे जाणकार सांगतात; पण फोटोत सुती सदरा जसा खुलतो तसा पावसाळी कोट खुलत नाही, हे जाणकारांना कोण सांगणार?

निघण्याच्या वेळेबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण याच बाबतीत भल्याभल्यांकडून चूक होते. काही अरसिक मंडळी पहाटे अंधारात दिवे लावून चालू लागतात आणि दुपारच्या आत शिखर उतरून झाडांच्या पट्ट्यात परत येतात. त्यांचे म्हणणे असे, की उन्हाने डोंगरउतार तापले की त्यांवरची ओलसर हवा वर चढते, सकाळी कापसाच्या बोंडाएवढे दिसणारे ढग दुपारपर्यंत मनोऱ्यासारखे उंच वाढतात, आणि मग गडगडाट सुरू होतो तो नेमका उघड्या माथ्यावर. हे सारे खरे असले, तरी त्यासाठी सुटीच्या दिवशी पहाटे उठायचे म्हणजे सुटीचा अपमानच नव्हे काय? आपण सावकाश उठावे, भरपेट न्याहारी करावी, दहाच्या सुमारास निघावे आणि दोन-अडीचच्या बेताला माथ्यावर पोहोचावे. गर्दी तोवर ओसरलेली असते. ती का ओसरली याचा विचार करू नये.

माथ्यावर असताना डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले, धातूच्या काठीतून बारीक गुणगुण ऐकू आली, तर ताबडतोब मोबाइल बाहेर काढावा. असा फोटो पुन्हा मिळत नाही. 1975 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात मोरो रॉक नावाच्या कड्यावर चढलेल्या काही भावंडांनी नेमके हेच केले होते. केस झाडूसारखे उभे राहिलेले पाहून त्यांना हसू आवरेना आणि त्यांनी हसत हसत एकमेकांचे फोटो काढले. थोड्याच वेळात तिथे वीज कोसळली आणि त्या भावंडांपैकी एक जण भाजला. तो फोटो पुढे जगभर पोहोचला, आणि विजेपासून सावध राहा असे सांगण्यासाठी आजही दाखवला जातो. अशी कीर्ती पायथ्याशी वेळेवर परतणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावरही अर्धा तास आडोशाला थांबावे, हा नियम ज्यांना घरी कोणी वाट पाहणारे आहे, त्यांच्यासाठी आहे.

अडीच हजार मीटरच्या वर काहींचे डोके ठणकू लागते, मळमळते, झोप लागत नाही. तीन हजार मीटरच्या पुढे दर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये, आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरावे, असे वैद्यकीय मत आहे. आपल्या रजेचे दिवस मोजकेच असतात, ही गोष्ट त्या मतात कुठेच विचारात घेतलेली नाही. म्हणून पायथ्यापासून एका दमात वर जावे, डोके दुखल्यास ते उन्हाचे आहे असे मानावे, आणि सोबतचा मित्र दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देऊ लागला तर त्याचा व्हिडिओ काढावा. खाली उतरणे हाच त्यावरचा तातडीचा उपाय आहे हे आपल्याला ठाऊक असले, तरी शिखर अगदी समोर दिसत असताना ते बोलून दाखवणे बरे दिसत नाही.

आता ओढ्यांविषयी. बर्फाच्या वितळण्यावर वाहणारा ओढा पहाटे सर्वांत शांत असतो, कारण रात्रीच्या थंडीत वितळणे मंदावलेले असते. दिवसभराच्या उन्हाचे पाणी खाली पोहोचते ते दुपार उलटल्यावर आणि संध्याकाळी. सकाळी घोट्यापर्यंत असलेला प्रवाह परतताना मांड्यांना लागतो तो यामुळे. आपण दहाला निघालेले असल्याने त्याच्या या भरदार रूपाचे दर्शन आपल्याला हमखास होईल. अशा वेळी पसरट, उथळ जागा शोधत काठाने पायपीट करू नये. जिथे पात्र सर्वांत अरुंद आणि खालचा धबधबा सर्वांत जवळ, तीच जागा फोटोच्या दृष्टीने उत्तम. पाठीवरच्या पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आवळून घट्ट बांधावेत. ओलांडण्यापूर्वी ते सोडून ठेवावेत, म्हणजे पाय घसरल्यास पिशवी टाकून माणसाला वर येता येते, असे म्हणतात. पण पिशवीत पॉवर बँक आहे, आणि संकटात साथ सोडणे आपल्या संस्कारांत बसत नाही. पाणी गुडघ्याएवढेच आहे म्हणून निश्चिंत असावे. वेगात असलेले गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला पाडते हे त्या धडधाकट माणसाला पडल्यावर कळतेच.

त्याच ओढ्याचे पाणी तसेच प्यावे. नितळ दिसते त्यात जंतू कुठून येणार? वरच्या अंगाला कोणाची गुरे, कोणाचा तळ, कोणते मेलेले जनावर आहे हे आपल्याला दिसत नाही, म्हणजे ते नाहीच. दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळते म्हणून ते तीन मिनिटे खळखळून उकळू द्यावे, हा सल्ला इंधन विकणाऱ्यांनी काढलेला असावा. जिआर्डिया नावाचा जीव पोटात गेला तरी लक्षणे दिसायला बहुधा आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर आपण घरी पोहोचलेले असाल आणि दोष ऑफिसच्या कँटीनला देता येईल.

वन्यप्राण्यांशी वागताना आत्मीयता हवी. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून किमान 23 मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून 91 मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. एवढ्या लांबून सेल्फीत प्राणी माशीएवढा दिसतो, ही साधी अडचण नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलेली नाही. बायसन माणसाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने धावू शकतो हे खरे, पण तो स्वभावाने गरीब आहे, हे त्याच्या चरण्याच्या पद्धतीवरून कोणालाही समजावे. 2016 च्या मे महिन्यात याच उद्यानात काही पर्यटकांना बायसनचे एक नवजात पिल्लू थंडीने कुडकुडते आहे असे वाटले, आणि त्यांनी ते उचलून गाडीच्या मागच्या भागात ठेवून थेट वनरक्षकांकडे नेले. दयाळूपणाचा एवढा शुद्ध नमुना विरळाच. पुढे कर्मचाऱ्यांनी त्या पिल्लाला कळपात परत मिसळण्याचे अनेक प्रयत्न केले, कळपाने त्याला जवळ केले नाही, ते रस्त्यावर येऊन माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे लागू लागले, आणि अखेर त्याला मारून टाकावे लागले. येथे मला उपरोधाने काही जोडता येत नाही, म्हणून पुढे जातो.

अस्वलांबाबत दोनच गोष्टी. खाण्याचे पदार्थ, साबण, टूथपेस्ट असे वासाचे सर्व काही तंबूत उशाशी घेऊन झोपावे. त्यासाठी मिळणारे जाड, अस्वलाला न उघडणारे डबे वजनदार असतात. शिवाय खाणे तंबूपासून लांब ठेवायचे, तर रात्री भूक लागल्यावर उठून जायचे कोणी? माणसांच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा तळावर येते, धीट होते, आणि अनेकदा गोळी खाऊन संपते, तेव्हा निदान त्याचे शेवटचे जेवण तरी चविष्ट असावे. दुसरी गोष्ट तिखटाच्या फवाऱ्याची. चाल करून येणाऱ्या अस्वलाच्या तोंडापुढे मारायचा हा फवारा डासांच्या औषधासारखा स्वतःच्या अंगाला लावू नये, असे बजावून सांगावे लागते. हे सांगण्याची वेळ कोणी आणली असेल, याचा मी फार खोलात विचार केलेला नाही.

वाट सोडून देहधर्म उरकण्याविषयी लोक उगाच संकोचतात. पाण्यापासून आणि वाटेपासून साठेक मीटर दूर जावे, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा खणावा, कागद पिशवीत बांधून परत आणावा, ही सारी कामे हाताखाली चार माणसे असणाऱ्यांना शोभतात. आपण जिथे दगड मोठा दिसेल तिथे त्याच्यामागे बसावे. आपल्याआधी त्याच दगडाची निवड किती जणांनी केली होती, हे तिथे पोहोचताच कळेल. लघवीने तर निसर्गाची सेवाच घडते. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात 1920 च्या दशकात माणसांनीच आणून सोडलेल्या पहाडी शेळ्यांच्या वंशजांना वाटसरूंच्या लघवीतल्या आणि घामातल्या मिठाची अशी गोडी लागली, की त्या माणसांच्या मागे मागे फिरू लागल्या. 2010 साली त्यांतल्या एका बोकडाने शिंगाने भोसकून एका वाटसरूचा जीव घेतला. अखेर 2018 ते 2020 या काळात शेकडो शेळ्यांना डोळे बांधून, झोळीत घालून, हेलिकॉप्टरला लटकवून दुसऱ्या डोंगररांगांत हलवावे लागले. माणसाच्या मूत्रामुळे शेळीला विमानप्रवास घडतो, एवढी समृद्धी दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात साधली आहे?

नागमोडी वाटेची वळणे तोडून सरळ खाली उतरावे. पुढच्या पावसात तिथे घळ पडेल आणि वाट बांधणाऱ्यांना हंगामभर काम मिळेल. वृक्षरेषेवरची (जिच्यापुढे थंडीमुळे झाडे उगवत नाहीत, त्या उंचीवरची) हिरवी गादी दिसली की तिच्यावर बसावे. मुठीएवढे झुडूप तिथे वाढायला कित्येक वर्षे घेते, कारण वर्षातून त्याला वाढण्यासाठी मोजके आठवडे मिळतात. आळशी माणसाची जशी गय करू नये तशी आळशी वनस्पतीचीही करू नये. हाताला चाळा म्हणून दगडांवर दगड रचून मनोरे उभारावेत, आणि ते शक्यतो चौकातच उभारावेत. धुक्यात मागून येणारे लोक दगडांच्या अशाच खुणा पाहून वाट शोधतात, आणि आपण रचलेला मनोरा त्यांना एखाद्या कड्याच्या टोकापर्यंत नेऊ शकतो; म्हणजे आपली कला पाहायला लोक किती दूरवर येतात पाहा. शेकोटीवर दोन मुठी माती टाकली की ती विझली असे समजावे. पाणी ओतून, राख ढवळून, हात लावून गार झाल्याची खात्री करीत बसणाऱ्यांना मातीखाली निखारा तासन्‌तास धुमसतो याची धास्ती असते, आपल्याला वाऱ्यावर विश्वास असतो.

इतके करूनही काही बिनसलेच, तर उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रावरचे एसओएसचे बटण आहेच. ते जीव धोक्यात असतानाच दाबायचे असते, ही कल्पना जुनी झाली. 2009 साली ग्रँड कॅन्यनमध्ये (तो पर्वत नव्हे, दरी आहे, पण माणसे तीच) चौघांच्या एका गटाने हे बटण तीन वेळा दाबले. त्यांतल्या एका वेळी कारण हे होते, की सापडलेले पाणी त्यांना खारट लागले आणि त्यामुळे शरीरातले पाणी कमी होईल अशी भीती वाटली. दर वेळी हेलिकॉप्टर आले. तिसऱ्या वेळी बचावपथकाने त्यांना सोबतच नेले आणि गटप्रमुखावर कायदेशीर कारवाई केली, यावरून सेवाभाव किती कमी झाला आहे ते दिसते.

राहता राहिली वाटेच्या सुरुवातीला ठेवलेली नोंदवही. जाताना तीत ठळक अक्षरांत नाव, वाट आणि परतण्याची वेळ लिहावी. दरीच्या या बाजूने उतरायचे लिहून दुसऱ्या बाजूने उतरावे, आणि परतल्याची नोंद करण्यासाठी गाडी मागे वळवू नये. मध्यरात्री शोधपथकाचे लोक डोक्याला दिवे लावून, दोराला बांधून, आपल्या नावाने हाका मारीत ओढ्याचा काठ धुंडाळीत असतील, तेव्हा आपण हॉटेलात अंघोळ उरकून उद्यानाला पाचपैकी एक तारा देत असाल. अभिप्रायात एवढे मात्र आवर्जून लिहावे, की कर्मचारी वागायला तसे सभ्य आहेत, परंतु रात्री दोन वाजता फोन करून ‘आपण सुखरूप आहात ना’ असे विचारण्याची त्यांची सवय पाहुण्यांच्या झोपेला त्रासदायक आहे.