घरी कधी येणार म्हणे!

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हाच प्रश्न. अहो, कुठल्या घरी? नाशिकहून सासूबाई बजावतात, "आधी आपल्या घरी यायचं, मग माहेरी जा काय ते." कोल्हापूरला जावं, तर माझ्या कपाटात वहिनीच्या साड्या, आणि आई माझ्यासाठी पाहुण्यांची ताटं काढते. माझ्यासाठी! इकडे अमेरिकेत एडिसनच्या फ्लॅटची किल्ली आहे हातात, पण कागदोपत्री मी नवऱ्याची 'डिपेंडंट'. एच-४ वाल्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून आलेल्या, काही बायकांना २०१५ पासून कामाचा परवाना मिळतो, पण त्यासाठी आधी नवऱ्याच्या ग्रीनकार्डाचं घोडं पुढे सरकायला हवं ना! तोवर माझं एम.कॉम. डबे भरतंय. नाव तर लग्नातच ताटातल्या तांदळात गिरवून बदललं. परवा देवळात शाळेतल्या मैत्रिणीनं जुन्या नावानं हाक मारली. तीनदा. मी वळलेच नाही.